न पेरण्याचे पैसे

आमचं ऑफिस टपाल कचेरी आणि बंद पडलेल्या थिएटरच्या मधे.
बाहेर झेंडा, उत्तर डाकोटाच्या वाऱ्यानं कडेला उसवलेला.
आत नकाशे, आकाशातून काढलेले फोटो,
त्यांवर पिवळ्या रेघा:
कुणाचं कुठपासून कुठपर्यंत.
एकोणतीस वर्षं मी त्या रेघांमधले एकर मोजते आहे.
कोण किती पेरतो, मला माहीत.
कोण न पेरण्याचे किती घेतो, तेही.

न पेरण्याचे.
बाहेरच्या माणसाला हे सांगताना
अजून जीभ अडखळते.
दहा वर्षं नांगर घालू नका, गवत येऊ द्या,
माती उडू नये, पाखरांनी अंडी घालावीत,
म्हणून सरकार तुम्हाला
न केलेल्या कामाचे पैसे देईल.
माझा भाचा म्हणाला,
मग मी न केलेलंही बरंच काही आहे.

एका वसंतात पेपरनं यादी छापली.
सगळी काउंटी, नावासकट, आकड्यासकट.
सर्वांत वर ब्रेकहूस आणि मुलगे:
एका सालचे दोन लाख एकोणीस हजार डॉलर.
मुलगे तीन. त्यातला एक फिनिक्समध्ये दात बसवतो.
त्या रविवारी चर्चच्या तळघरात
माणसं कॉफी पीत हवामानावर बोलली,
फक्त हवामानावर,
आणि लायल ब्रेकहूसच्या शेजारची खुर्ची
शेवटपर्यंत रिकामी राहिली.
ती रिकामी ठेवणाऱ्यांपैकी
निम्म्यांच्या अर्जांवर माझा शिक्का आहे.
एकाच पंगतीत बसायचं
आणि दुसऱ्याच्या पानाकडे बघायचं.

यादीच्या तळाशी रॅग्ना थॉर्विक. चौसष्ट डॉलर.
दीड एकर, जुन्या शाळेभोवतीचा तुकडा.
शाळा एकसष्ट साली जळाली.
पाया उरला, हातपंप उरला,
आणि तिथे शिकवणाऱ्या बाई उरल्या.
दर ऑक्टोबरात सही करायला यायच्या,
टपालानं चाललं असतं तरी.
हातात दालचिनीचे रोल, मेणकागदात.
वीस डॉलरवरची भेट आम्हाला चालत नाही.
कॉर्डेल, आमचा साहेब,
गंभीर चेहऱ्यानं रोल मोजायचा, किंमत लावायचा,
मग दोन खायचा.
"गवत कसं आहे?" मी विचारायचे.
"उभं आहे. माझ्यापेक्षा सरळ."

यादीच्या वर्षी त्यांनी ती कापून आणली होती,
स्वतःच्या नावाखाली पेन्सिलची रेघ.
"शेवटच्या नावापर्यंत कुणी वाचत नाही, अर्डिस.
तू वाचलंस?"
मी हो म्हटलं. खरंच वाचलं होतं.

पुढच्या सप्टेंबरात, नऊ तारखेला, त्या गेल्या.
संगणकाला हे उशिरा कळलं.
चौसष्ट डॉलर बँकेत जाऊन पडले
आणि मागोमाग पत्र निघालं:
मृत्यूनंतरचे एकवीस दिवस,
वसुली तीन डॉलर अडुसष्ट सेंट,
वारसांनी भरावी.
वारस कुणी नव्हतं.
कॉर्डेलनं पत्र वाचलं, चष्मा पुसला,
पाकिटातून चार डॉलर काढून माझ्या टेबलावर ठेवले.
मी बत्तीस सेंट परत दिले.
पावती फाडली.

तुकडा लिलावात ब्रेकहूसनं घेतला.
मला वाटलं, नांगर फिरणार;
त्याचे ट्रॅक्टर शाळेपेक्षा रुंद.
तो नोव्हेंबरात आला, टोपीवर बर्फ,
समोरच्या खुर्चीत बसला.
"जसं आहे तसं ठेवायचं. किती मिळतात?"
"चौसष्ट."
त्यानं सही केली.
चौसष्टसाठी केली की कशासाठी,
त्याला विचारायचा रकाना फॉर्मात नाही.

मग पेन तसंच धरून म्हणाला,
"तो पाया. एकरात धरायचा की वगळायचा?
तिथे गवत येत नाही."
"बाई वगळायच्या," मी म्हटलं.
त्यानं टोपी काढली, परत घातली.
तिसरीपर्यंत तिथेच होता तो.
"मग वगळ," म्हणाला.